निजलेलं पाणी

उजाडता उजाडता धाकटी पुन्हा मिठाच्या वाफ्यात उतरली.

काल उतरली होती, परवा उतरली होती, आणि दोन्ही दिवस सासूची बोलणी खाल्ली होती. तरी आज पदर खोचून, लांब दांड्याची फळी खांद्यावर टाकून ती बांधाच्या कडेकडेनं गेली. स्वतःच्याच वाफ्यात चोर! पाणी कसलं, पायाचा घोटाही बुडू नये एवढं. त्यात फळी टाकली आणि हलक्या हातानं एकदाच आपल्याकडं ओढली. एकदाच. बघण्यापुरती. फळीपुढं जे साचलं ते ओंजळीत घेतलं. मीठ म्हणावं तर पिठासारखं, आणि पीठ म्हणावं तर राखेच्या रंगाचं. तळाची माती त्यात कालवलेली. बोटांच्या फटींतून ते गाळासारखं ओघळून गेलं.

"वाजली फळी!" झोपडीच्या दारातून म्हातारी ओरडली. "उतरलीस ना पुन्हा?"

"नाही हो आत्याबाई, बांधावरच आहे मी."

"बांध काय खळखळ वाजतो? अगं, अंड्यावर बसलेल्या कोंबडीला रोज उठवून बघशील, तर पिल्लं निघायची का?"

म्हातारीला दिसत नव्हतं. जन्मभर पांढऱ्या मिठावरचं ऊन तिनं डोळ्यांनी प्यायलं. शेवटी डोळ्यांत ऊन तेवढं राहिलं आणि बाकी सगळं बाहेर गेलं. पण कान असे तिखट, की बांधावरून खेकडा गेला तरी कुठल्या अंगाला गेला ते सांगावं.

धाकटी बाहेर आली. हात कमरेला पुसले. टाचांच्या भेगांत खारं पाणी शिरून आग होत होती, पण ती आग आता रोजचीच. तिचं दुःख वेगळं होतं. शेजारच्या वाफ्यांच्या बांधांवर मिठाचे ढीग उभे होते, पांढरेशुभ्र. तिच्या बांधावर एक कुत्रं बसलं होतं.

लग्न होऊन ती या घरात आली तेव्हा थोरली जाऊ आधीच होती, म्हणून ही धाकटी. पुढं थोरलीची चूल वेगळी झाली, तरी नाव चिकटलं ते चिकटलंच. नावं चिकटायला मिठागरासारखी जागा नाही. तिच्या नवऱ्याला सगळे बगळा म्हणत. दुपारी बाकीचे गडी सावलीला पाठ टेकत, तेव्हा हा बांधावर उकिडवा बसायचा आणि पाण्याकडं टक लावून बघत राहायचा. ऊन डोक्यावर, घाम कानामागं, आणि हा आपला तसाच.

"मासा लागला का रे बगळ्या?" येणारेजाणारे विचारत.

तो हसायचा. बोलणं मोजकं. रागावला तर तोंड फिरवून जायचा, पण शिवी म्हणून कधी ओठांवर आली नाही. धाकटीलाच लाज वाटायची. "दुसऱ्यांचे नवरे दुपारी चार टोपल्या जास्त वाहतात," ती भांडी आपटत म्हणायची. "आणि आमचे? आमचं पाण्याकडं बघूनच पोट भरतं!" त्यावरही तो हसायचा.

यंदा हंगामाच्या तोंडालाच एका सकाळी तो बांधावर आडवा झाला. उजवं अंग गेलं, वाचा गेली. दवाखान्यातून घरी आणला तेव्हा तोंड वाकडं, डोळे मात्र तसेच, पाण्यासारखे. काही दिवसांनी जीभ हलायला लागली. म्हातारी उशाशी बसून होती, धाकटी पायाशी. आणि जन्मात ज्यानं कुत्र्यालाही शिवी दिली नव्हती तो बगळा स्वच्छ म्हणाला, "च्यायला."

तेवढंच. दुसरा शब्द नाही. पाणी हवं, च्यायला. कूस बदलायची, च्यायला. लेकीनं केस विंचरले, च्यायला. डॉक्टर म्हणाले, होतं असं कधीकधी. सगळं वाहून जातं आणि तळाशी एखादाच शब्द उरतो.

"पण माझ्या पोराच्या तळाशी हाच कुठून आला?" म्हातारीनं कपाळाला हात लावला. मग आपणच म्हणाली, "बापाचा असेल. त्यांचं तोंड असंच होतं."

म्हातारी हरली नव्हती. संध्याकाळी चाचपडत दिवा लावायची आणि पोराकडं तोंड करून म्हणायची, "म्हण, देवा."

"च्यायला."

"अरे, दे-वा."

"च्या-य-ला."

लेक तोंडात ओढणी कोंबून हसायची. न्हाती-धुती पोर, पण हसू आलं की पाच वर्षांची व्हायची. धाकटी हसायची नाही. दिव्यापुढं हातही जोडायची नाही आता. नवरा पडला त्या सकाळी तिचे जेवढे जोडायचे तेवढे जोडून झाले होते. "देवाला दिसत असतं तर हे दिसलं नसतं का?" असं एकदा ती म्हातारीला म्हणाली होती.

"मलाही दिसत नाही," म्हातारी म्हणाली. "म्हणून मी नाही की काय?"

*

मुकादम आला तेव्हा ऊन वर आलं होतं. सगळ्या मिठागरावर मालकाच्या वतीनं याचीच नजर. सायकल बांधाला टेकवून त्यानं आधी बगळ्याची चौकशी केली. रीत म्हणून.

"काय बगळेराव, बरं आहे का?"

"च्यायला."

मुकादम एक पाऊल मागं सरला.

"बरं आहे म्हणतात बाबा," लेक म्हणाली.

मुकादमानं घसा साफ केला. "वहिनी, मला वाईटपणा घ्यायची हौस नाही. पण सगळ्यांच्या बांधांवर मीठ आहे आणि तुमच्या वाफ्यांत नुसतं आभाळ दिसतंय. मालक म्हणतात, पुरुष पडला, आता बायकांच्यानं होणार नाही. थोरल्याच्या घरचे हे वाफे मागतायत."

"आणि झोपडी?"

"झोपडी वाफ्यांबरोबर. तुम्हाला काय नवीन आहे?"

धाकटीनं मागं वळून पाहिलं. दाराशी नवऱ्याची खाट. खाटेवरून दिसणारा बांध, बांधापलीकडं पाणी. ज्याला बघण्याशिवाय काही उरलं नाही, त्याच्या डोळ्यांपुढून हेही उचलून नेणार.

"आभाळ भरायच्या आत एक वाफा पांढरा करून दाखवा," मुकादम सायकलवर बसता बसता म्हणाला. "एकच. मग मालकांशी मी भांडतो."

तो गेल्यावर म्हातारीनं हाक मारली. "धाकटे, इकडं ये. बस. तू वाईट नाहीस. हाताला चटके बसल्यासारखी करतेस एवढंच. तो वाफा सोडून दे. रोज उठवलेलं पाणी आहे ते, ते आता धड झोपणार नाही. दुसरा वाफा तुडवायला घ्या, तळापासून."

"तळापासून? आत्याबाई, आभाळ बघा... म्हणजे, वास तरी घ्या."

"घेतला. म्हणून तर म्हणतेय, आज घ्या."

*

तीन बायका वाफा तुडवायला उतरल्या. ओल्या मातीवर पाय असा आपटायचा, की टाच आधी पडावी आणि बोटं मागून दाबावीत. ठसा दिसेल इतकं मऊ काही राहता कामा नये. तळ ताटासारखा झाला पाहिजे, नाहीतर मीठ मातीतच जातं. लेकीच्या खांद्यावर हात ठेवून म्हातारी मागून चाले. तिची पावलं नुसती कातडं आणि हाडं, पण पडली की दगडासारखी. पोटऱ्यांच्या गाठी होत, कंबर धरे. धाकटी मध्येच थांबून पाठीत मूठ दाबून घ्यायची आणि पुन्हा चालू लागायची. संध्याकाळी तिघी उंबऱ्यावर पाय सोडून बसत आणि लेक टाचांच्या भेगांत तेल भरे.

"आजी, तुझ्या टाचेत माझं बोट जाईल."

"जाऊ दे. तुझ्या आजोबांचा सगळा जन्म गेला तिथं."

वरच्या खाचरात समुद्राचं पाणी घेतलेलं होतंच. ते एका वाफ्यातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात असं उतरवत आणायचं. दर बांधाशी ऊन त्याच्यातलं थोडं पाणी पिऊन घेतं आणि मीठ मागं ठेवतं. शेवटच्या वाफ्याच्या तोंडाशी ते तेलासारखं जड होऊन थांबतं. पण ते पुरतं जड झालं की नाही, हे आजवर बगळ्याची जीभ सांगत आली होती.

धाकटीनं बोट बुडवून नवऱ्याच्या ओठांशी नेलं. त्यानं चाखलं, तोंड फिरवलं. नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा. नाही. तिचा जीव टांगणीला. समुद्राच्या अंगाला आभाळ कापसाच्या ढिगासारखं वर येत होतं. मग एका सकाळी त्यानं बोट चाखलं आणि डोळे मिटले. जीभ टाळ्याला लावून धरली.

"च्यायला," तो म्हणाला, अगदी मन भरून.

"सोडा पाणी," म्हातारी म्हणाली.

लेकीनं बांधाचं तोंड फोडलं. पाणी आवाज न करता आत आलं, तळावर पसरलं, कडेकडेनं वळलं आणि थांबलं. म्हातारी बांधावर बसून, गुडघ्यावर हात आपटत, अर्ध्या आवाजात म्हणू लागली. तिच्या सासूनं तिला शिकवलेलं ते, आणि प्रत्येकीनं त्यात आपली एखादी ओळ मिसळलेली.

*पाणी चालून दमलं, ओलांडून सारे बांध,*
*निजू दे गं निजू दे गं, नको घालू त्याला साद.*

*ऊन बसलं उशाशी, वारा हलवी पाळणा,*
*माझ्या निजल्या पाण्याला, बाई कुणी उठवू ना.*

याला पाणी निजवणं म्हणायचं. पाणी निजलं की बांधावर फळी उताणी ठेवायची. उताणी फळी दिसली की त्या वाफ्यात कुणी पाय घालायचा नाही, खडा टाकायचा नाही, कडेला उभं राहून भांडायचंसुद्धा नाही. घरातलं थोरलं माणूस सांगेल तेव्हाच फळी सुलटी करायची. हे धाकटी लग्नाआधीपासून जाणून होती. तिचं माहेरही मिठातलंच. पण जाणून असणं वेगळं आणि हात आवरणं वेगळं.

तिनं फळी उताणी ठेवली. "किती दिवस?"

"पाणी सांगेल."

"पाण्याला तोंड आहे का?"

"तुला कान आहेत का?" म्हातारी म्हणाली.

*

वाट बघण्यासारखं अंगमोडीचं काम नाही. धाकटीनं झोपडी सारवली, मडकी घासली, घासलेली पुन्हा घासली. बाहेर येऊन लांबूनच वाफ्याकडं बघे. पाणी जसंच्या तसं. वाऱ्यानं अंगावर काटा आल्यासारखं थरथरे, बस. हाताला काम हवं म्हणून ती नवऱ्याच्या खाटेशी बसायची. त्याचा उजवा हात मांडीवर घेऊन तेल चोळायची, मिटलेली बोटं एकेक करून उघडायची.

"हलवा. हे एवढंसं. करंगळी तरी. काल हलल्यासारखी वाटली होती मला. प्रयत्नच करत नाही तुम्ही!"

त्याच्या एकाच डोळ्यातून पाणी वाहायचं. कानशिलावरून उशीत जायचं. मग ती पदरानं ते पुसायची. आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच.

थोरली येऊन गेली. हातात काही नाही, डोळ्यांत मात्र सगळं माप. छपराकडं बघत म्हणाली, "पावसात कोणत्या बाजूला गळतं गं?"

"आम्ही अजून राहतोय इथं, जाऊबाई."

"तसं नाही गं, विचारलं आपलं सहज." पण जाता जाता तिनं कोपऱ्यात पाऊल टाकून पाहिलं. पेटी बसेल की नाही.

धाकटीनं तिच्या पाठीमागं चूल अशी फुंकली, की राख तोंडावर आली.

दुपारी म्हातारी म्हणाली, "त्याला घरात कोंडू नका. त्याची जागा बांधावर आहे."

मीठ वाहायची एकचाकी गाडी लेकीनं धुतली, वर गोधडी घातली. दोघींनी मिळून त्याला उचलून आत बसवलं. लेक गाडी ढकलत ओरडली, "सरका, सरका! नवरदेव निघाले!" धाकटीच्याही तोंडावर हसू फुटलं, कितीक दिवसांनी. त्याला गाडीसकट निजल्या वाफ्याच्या बांधावर बसवलं, पाठीला मिठाचं रिकामं पोतं गुंडाळून दिलं, चार काठ्यांवर जुनं लुगडं ताणून सावली केली. तो बसला. खांदा एकीकडं कललेला, पण मान तीच. बगळ्याची.

*

मुकादम आला तो आभाळाकडं बघतच आला. समुद्राच्या अंगाचा कापूस आता शिशासारखा झाला होता.

"दाखवा, वहिनी."

"निजलंय अजून."

"निजलंय, निजलंय. मालकांना काय सांगू, झोप लागलीय म्हणून?" त्यानं वाकून पाहिलं. वाऱ्यानं पाणी मोडत होतं, त्यात तळ दिसेना. "मला तर नुसतं पाणी दिसतंय. एक हात ओढा फळीचा. फळीपुढं मीठ आलं की मी आत्ता जाऊन शब्द टाकतो. नाही आलं, तर नाही."

धाकटीनं फळीकडं पाहिलं. एक हात. एकच हात ओढायचा. तळाशी काहीतरी धरलं असणारच. गढूळ येईल, बारीक येईल, पण मीठ तर येईल. वाफा बिघडला तर बिघडला, झोपडी तर राहील. तिनं वाकून फळीच्या दांड्याला हात घातला आणि उचलू लागली.

दांडा उचलेना. दुसऱ्या टोकाला नवऱ्याचा डावा हात होता.

"सोडा."

तो सोडेना. होतं नव्हतं ते सगळं बळ त्या एका मुठीत आलं होतं. मनगटावरच्या शिरा दोरीसारख्या.

"सोडा म्हणते ना! कुणासाठी करतेय मी हे? रस्त्यावर घालणार का आम्हाला?" तिचा आवाज चिरकला. लांबच्या बांधावरच्या बायका वळून बघू लागल्या. मुकादम चुळबुळला. तिनं हिसडा दिला. बगळा गाडीत कलंडला, पण मूठ सुटली नाही. आणि या सगळ्यात त्यानं तिच्याकडं बघितलंच नाही. रागानं नाही, गयावया करून नाही. तो पाण्याकडं बघत होता. कुणाच्या तरी अंथरुणाशी आपण मोठ्यानं बोलतोय, असं त्याच्या तोंडावर होतं. शिवीसुद्धा दिली नाही.

धाकटीनं दांडा सोडला. का सोडला, ते तिलाही सांगता आलं नसतं.

"आज फळी लागणार नाही," ती म्हणाली.

"मग उद्या सकाळी थोरल्याच्या घरचे सामान घेऊन येतील. त्यांना तसं सांगून झालंय. तेव्हा मला काही बोलता यायचं नाही, वहिनी."

"नका बोलू."

सायकलचा आवाज दूर गेला. धाकटीनं नवऱ्याला सरळ बसवलं, घसरलेलं पोतं नीट केलं आणि त्याच्याशेजारी बांधावर बसली. एवढ्या वर्षांत भर दुपारी, हातात काही नसताना, ती या बांधावर पहिल्यांदाच बसत होती.

वारा पडला.

आधी काहीच दिसलं नाही. पाण्यात आभाळ दिसलं, उलटं, काळं-पांढरं. मग पाण्यावर एक कण दिसला. धूळ असेल, तिला वाटलं. पण धूळ अशी चमकत नाही. ती पुढं वाकली. कणाला कोपरे होते. चार कोपरे, चारी सारखे. मुंगीच्या डोक्याएवढा चौकोन पाण्यावर तरंगत होता. बघता बघता त्याच्या कडेनं दुसरी कड आली, पहिल्याहून रुंद. मग तिसरी. मधला चौकोन जडपणानं किंचित खाली बसायचा आणि भोवती नवी चौकट चढायची, पायरीवर पायरी. उलट्या जिन्यासारखं, आतून पोकळ, एवढंसं घर. कुणी गुण्या लावला होता? कुणी ओळंबा सोडला होता? एवढंही वाकडं नाही. ते घर नखाएवढं झालं, पाण्यानं त्याला आणखी क्षणभर धरलं, आणि मग सोडलं. डुलत डुलत ते खाली गेलं आणि तळाशी आपल्यासारख्यांत जाऊन बसलं. आवाज झाला नाही.

तिनं मान उचलली. एक नव्हतं. वाफाभर होतं. जिथं नजर जाईल तिथं पाण्याच्या पातळ सायीवर चौकोन उमलत होते, हजारांनी. एक बुडे तोवर त्याच्या जागी दुसरा. कुणी हाक मारत नव्हतं, कुणी ओढत नव्हतं, कुणी घाई करत नव्हतं. समुद्रातून निघालेलं पाणी बांधाबांधानं चालत इथवर आलं होतं, आणि आता स्वतःच्या आतून, कुणी न शिकवता, घरं बांधत होतं.

आणि हे रोज होत होतं. ती लग्न होऊन आली त्याच्या आधीपासून. ती पोटात होती तेव्हाही. तिच्या सासूच्या सासूच्या पायांशी. आणि ती रोज सकाळी येऊन यावरून फळी ओढत होती.

"तुम्ही..." ती म्हणाली. "इतकी वर्षं दुपारी तुम्ही हे बघत होता?"

तो वळला. वाकड्या तोंडाची चांगली बाजू तिच्याकडं आली. डोळे भरलेले, पण उशीत जाणारं ते पाणी नव्हे हे.

"च्यायला," तो म्हणाला. असा हळू, म्हातारी दिव्याची वात पुढं सारते तसा.

"मला कधी सांगितलं नाहीत," ती म्हणाली. आणि लगेच तिला आपली आपटलेली भांडी ऐकू आली. "मी कुठं ऐकलं असतं म्हणा."

पावसाचे थेंब पडले. टपोरे, सुटेसुटे. जिथं पडले तिथं एकेक भोक झालं, चौकोन विरघळले. परवाची धाकटी असती तर ऊर बडवत धावली असती. ही बसून राहिली. उठावंसंच वाटलं नाही. थेंबाच्या भोकाभोवती पाणी पुन्हा मिटलं. आणि मिटलेल्या जागी, तिच्या डोळ्यांदेखत, पुन्हा एक कोपरा उगवला.

ढग माथ्यावरून सरकत डोंगराकडं गेला.

तिचे हात कधी जुळले ते तिला कळलंच नाही. कळलं तेव्हा काहीतरी मागावं असं वाटलं. वाफा, झोपडी, नवऱ्याची करंगळी, सगळं मागायचं होतं. पण त्यातलं एकही आठवेना. ती नुसतीच बघत राहिली. लेक बोलवायला आली, आईला तशी बसलेली बघून थबकली आणि काही न विचारता दोघांच्या मागं बसली.

*

सकाळी म्हातारीनं दारात उभं राहून कान दिला. "आता वाजव."

धाकटीनं फळी सुलटी केली आणि वाफ्यात पाय ठेवला. पाण्याखाली पांढरं. तळ कुठं दिसतच नव्हता. फळी टाकून ओढली तेव्हा चुरचुर असा भरघोस आवाज झाला, नव्या वाळूतून गाडी गेल्यासारखा. फळीपुढं मिठाची लाट उभी राहिली, दाणा दाणा वेगळा, टणक, कोपऱ्यांचा.

थोरली डोक्यावर बोचकं घेऊन बांधावर आली ती तशीच उभी राहिली. तिच्यामागं मुकादम. त्यानं सायकल टेकवली नाही, पडू दिली. वाकून एक खडा उचलला, उन्हात धरला, जिभेवर ठेवला आणि चावला. कडकन आवाज आला.

"हे तुम्ही कसं केलं, वहिनी?"

"मी काही केलं नाही," धाकटी म्हणाली. आणि ते तिनं लाजून म्हटलं नव्हतं.

मुकादमानं खडा रुमालात बांधला. "मालकांना दाखवतो. वाफे कुठं जात नाहीत आता." मग थोरलीकडं न बघता म्हणाला, "तुमचं बोचकं जड असेल, उतरवा."

थोरलीचं तोंड एवढंसं झालं होतं. परतावं तर सगळं मिठागर बघतंय. धाकटीनं बांधावरची दुसरी फळी तिच्यापुढं केली.

"आलाच आहात तर ओढू लागा, जाऊबाई. माझी कंबर राहिली नाही."

थोरलीनं बोचकं खाली ठेवलं, पदर खोचला. ओढता ओढता म्हणाली, "पश्चिमेच्या बाजूला गळत असेल तुमचं. तिथला वासा बदलायला पाठवते यांना."

ढीग बांधावर चढला. दुपारपर्यंत वाफा पुन्हा तुडवून झाला, पुन्हा पाणी आलं, म्हातारीनं पुन्हा निजवलं. धाकटीनं फळी उताणी ठेवली. घरात भांडी पडली होती, चूल थंड होती, धुणं भिजत होतं. ती जाऊन नवऱ्याच्या गाडीशेजारी बसली.

लांबून कुणीतरी ओरडलं, "आता दोन बगळे झाले रे!"

"होऊ दे," धाकटी म्हणाली. त्या माणसाला ऐकू जाण्याएवढंही नाही.

म्हातारी नातीच्या खांद्यावर हात ठेवून चाचपडत आली आणि तिच्या पलीकडं बसली. ऊन पाण्यावर टेकलं होतं. मग म्हातारीनं हळूच विचारलं, "धाकटे, लागलं का यायला?"

"लागलं, आत्याबाई."

"मला दिसायचं तेव्हा दुपारी कधी बसलेच नाही गं मी. सासरा होता, सहा पोरं होती. याला बसलेला बघायचे तेवढंच. कसं असतं? सांग ना."

धाकटी सांगायला गेली. चौकोन म्हणावं तर चौकोन फुलतो कुठं. फूल म्हणावं तर फुलाला कोपरे कुठं असतात. म्हातारीनं शिकवलेली देवाची सगळी नावं तिनं मनातल्या मनात चाळून पाहिली. एवढ्यात तिच्या पायाशी पाण्यावर पहिला कण चमकला, त्याला चार कोपरे फुटले, आणि तिच्या तोंडून आपोआप निघून गेलं.

"च्यायला."

लेकीनं ओढणी तोंडाशी नेली. पण हसू आलं नाही तिला.

म्हातारीनं आंधळी नजर पाण्याकडं धरली आणि हात जोडले.

"हां," ती म्हणाली. "तेच तर म्हणतोय तो कधीचा."